एक ॲम्प चटके देतो, दुसरा गारच राहतो, असं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडतो, कुठे चुकत असेन तर सांगा. घरात वडिलांच्या काळातला ट्रान्झिस्टरवाला स्टिरिओ ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, आहे, मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारे ॲल्युमिनियमचे पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे), सप्लाय तुम्ही मोजलात तो प्लस-मायनस ३५ व्होल्ट. हा गाणं न लावताही कोमट होतो आणि तासभर वाजवला की हात ठेवून राहवत नाही. त्याच्या शेजारी ऑनलाइन मागवलेला टीपीए ३११६ चिपचा छोटा डबा आहे, तो त्याच ८ ओहमच्या स्पीकरवर तेवढ्याच आवाजात वाजतो आणि गारच राहतो. शिवाय मित्राने घरी क्लास ए जातीचा ॲम्प बांधलाय, तो नुसता ऑन केला तरी चटके देतो आणि मित्र म्हणतो की असंच असायला हवं. म्हणून तुम्ही विचारताय की जुना ॲम्प खराब होत चाललाय का, पंखा लावू का, की देऊन टाकू. आणि सगळ्यात शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीये, की जुन्या ॲम्पचं डावं हीटसिंक उजव्यापेक्षा जास्त तापतं, गाणं बंद असतानाही.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, बाकीचं सगळं ठीकच असण्याची शक्यता जास्त. पण डाव्या बाजूकडे यायच्या आधी बाकीचं उलगडून सांगतो, नाहीतर डावी बाजू का महत्त्वाची ते कळणार नाही.

रिपेअरिंगला येणारं गिऱ्हाईक म्हणतं "साहेब, लई गरम होतो", तेव्हा मी किती गरम हे नंतर विचारतो, आधी विचारतो कधी गरम होतो. नुसता ऑन ठेवल्यावर, हळू वाजवताना, की मोठ्याने? दोन्ही बाजू सारख्या की एकच? पहिल्यापासून असाच की या वर्षी सुरू झालं? एवढ्या उत्तरांवर अर्धं निदान खोलायच्या आधीच होतं. नुसत्या तापमानावरून काहीच कळत नाही, कारण आत तयार होणारी उष्णता वॅटमध्ये मोजायची आणि हाताला लागतं ते तापमान, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा वॅट उष्णता मोठ्या हीटसिंकवर टाकली तर तो जेमतेम कोमट होईल, तीच बिस्किटाएवढ्या पत्र्यावर टाकली तर हात भाजेल. ॲम्प दोन्हीकडे तोच.

आता उष्णता येते कुठून. जुन्या घरात भिंतीवर तो पेटीसारखा फॅन रेग्युलेटर असायचा आठवतोय का, आत रेझिस्टन्सची वायर गुंडाळलेली? पंखा बंद असला की तो गार, पाचवर असला तरी गार कारण आतली वायर बायपास होते, पण दोन-तीनवर ठेवला की तापायचा. कारण मधल्या पोझिशनला थोडे व्होल्ट पंख्याला आणि थोडे वायरवर, आणि करंट दोघांतून. साध्या ॲम्पमधले आउटपुट ट्रान्झिस्टर कायम त्या दोन-तीन नंबरवरच असतात. सप्लाय ३५ व्होल्टचा, स्पीकरला त्या क्षणी हवेत १०, मग उरलेले २५ ट्रान्झिस्टरवर पडतात आणि स्पीकरचा सगळा करंट त्यातूनच जातो. ते २५ गुणिले करंट म्हणजे तुमची उष्णता. टीपीए ३११६ मध्ये मात्र आतले मॉसफेट, म्हणजे स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर, सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होतात, मधे थांबतच नाहीत, त्यामुळे ते पाचवर नाहीतर बंद. पुढे कॉइल आणि कंडेन्सरचा फिल्टर त्या फटाफट चालू-बंदमधून गाणं गाळून स्पीकरला देतो. यालाच क्लास डी म्हणतात.

तुमच्याच ॲम्पचा कागदावरचा हिशोब करून दाखवतो. प्लस-मायनस ३५ व्होल्ट, ८ ओहम, साइन वेव्ह, एक चॅनल, आणि सोयीसाठी धरू की ट्रान्झिस्टर एकही व्होल्ट वाया न घालवता रेलपर्यंत, म्हणजे सप्लायच्या पूर्ण व्होल्टपर्यंत, जातात. फुल आवाजाला स्पीकरमध्ये साधारण ७६ वॅट जातात आणि ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होते २१ वॅट. आवाज कमी करून स्पीकरला ३१ वॅट दिले तर उष्णता कमी व्हायला हवी ना, ती होते ३१ वॅट, म्हणजे वाढली. हाच सगळ्यात वाईट बिंदू, फुल पॉवरच्या ४० टक्क्यांच्या आसपास. अजून खाली या, ९-१० वॅटवर, तरी उष्णता २५ वॅट. आणि १ वॅटवर, म्हणजे आपण संध्याकाळी चहा पिताना ऐकतो तेवढ्या आवाजाला, सप्लायमधून ११ वॅट निघतात, १ स्पीकरला आणि १० हीटसिंकला. बरेच जण समजतात की मोठा आवाज म्हणजे जास्त गरम, तसं सरळ नाहीये ते, हळू आवाजातही तुमचा ॲम्प बऱ्यापैकी उष्णता काढतोच. त्याच १ वॅटला टीपीए ३११६ चा अख्खा डबा दोन-तीन वॅटच्या आसपास वाया घालवत असेल, तेही दोन्ही चॅनल मिळून. तुमच्या तुलनेचं उत्तर इथेच मिळतं, आवाज तोच पण एकीकडे दोन चॅनलचे मिळून २० वॅट उष्णता आणि दुसरीकडे दोन-तीन.

वरचा हिशोब निव्वळ क्लास बी चा, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात अशा ॲम्पचा होता, प्रत्यक्षात तसा ॲम्प कोणी घरात ठेवत नाही. वरचा ट्रान्झिस्टर काम सोडतो आणि खालचा धरतो त्या शून्यापाशी गॅप पडते आणि हळू आवाजात ती खरखरीत ऐकू येते. म्हणून दोघांनाही थोडा करंट कायम देऊन ठेवायचा, त्याला बायस म्हणतात, आणि अशा ॲम्पला क्लास एबी. समजा बायस ५० मिलिअँपिअर आहे, तर ७० व्होल्ट गुणिले ०.०५ म्हणजे साडेतीन वॅट एका चॅनलला, गाणं असो नसो. म्हणून तुमचा ॲम्प नुसता ऑन असताना कोमट होतो, ते बरोबरच आहे, उलट तासभर ऑन ठेवून दगडासारखा थंड राहिला असता तर मी म्हटलं असतं बायस बघा. काही डिझायनर १०० मिलिअँपिअर ठेवतात, मग तेच ७ वॅट झाले. जास्त पॉवरच्या ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टरच्या तीन-चार जोड्या आणि रेल पण जास्त, मग आयडल, म्हणजे गाणं नसतानाची, उष्णताच ४०-५० वॅटला जाते. दोन चांगले, निरोगी ॲम्प नुसते ऑन ठेवले तरी एक कोमट आणि एक गरम असू शकतो, तो डिझायनरचा निर्णय असतो.

मित्राचा क्लास ए हा याच रस्त्याचं शेवटचं टोक. तिथे बायस एवढा ठेवतात की कुठलाच ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाही. २५ वॅटचा पुश-पुल, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर जोडीने काम करणारा, क्लास ए घ्या, ८ ओहमला त्याचा शिखर करंट अडीच अँपिअर, म्हणजे बायस त्याच्या निम्मा, सव्वा अँपिअर. प्लस-मायनस २४ व्होल्ट सप्लाय असेल तर ४८ गुणिले १.२५ म्हणजे ६० वॅट एका चॅनलला, दोन्हीचे १२०, ऑन केल्यापासून बंद करेपर्यंत. गंमत म्हणजे हा ॲम्प गाणं लावल्यावर जरा गार होतो, कारण त्या ६० वॅटमधले काही आता स्पीकरला जायला लागले. रोज चार तास चालवला तर जवळपास अर्धा युनिट वीज नुसत्या उष्णतेची. तर मित्र खोटं बोलत नाहीये, त्याच्या ॲम्पने तापायलाच हवं. पण म्हणून "जास्त गरम म्हणजे जास्त चांगला आवाज" हे जे काही लोक सांगत सुटतात ते मला मान्य नाही. नीट बांधलेल्या क्लास एबी मध्ये हळू आवाजाचे पहिले काही मिलिवॅट तसेही क्लास ए मध्येच जातात. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला कोणी क्लास ए चालवत असेल तर त्याच्या हौसेला माझा सलाम.

बाकीच्या जाती भराभर सांगतो. हिटाचीने १९७७ मध्ये क्लास जी आणला, त्यात दोन जोड्या रेल असतात, एक कमी व्होल्टची आणि एक जास्त व्होल्टची, गाण्याचा बराचसा भाग कमी व्होल्टवर भागतो आणि फक्त शिखरांना वरची रेल लागते, त्यामुळे ट्रान्झिस्टरवर पडणारे फुकटचे व्होल्ट कमी. क्लास एच ही त्याचीच चुलत भावंडं, मंडपातले आणि मिरवणुकीतले बरेच मोठे ॲम्प याच धाटणीचे असायचे, आता तिथेही क्लास डी घुसलाय. व्हॉल्व्हवाल्यांचं वेगळंच, ईएल ३४ च्या एका नळीची फिलामेंटच ६.३ व्होल्टला दीड अँपिअर खाते, म्हणजे साडेनऊ वॅट, चार नळ्या म्हटल्या तर गाणं सुरू व्हायच्या आधी ३८ वॅट गेले, त्यावर प्लेटची उष्णता वेगळी. तिथे हात लावून बघू पण नका.

टीपीए ३११६ बद्दल एक सांगायचं राहिलं. गार राहतो म्हणून तो डबा कशातही कोंबू नका. पूर्ण पॉवरला अशी चिप ९० टक्क्यांच्या आसपास काम करते, म्हणजे १०० वॅट काढायचे म्हटले तर दहा-अकरा वॅट उष्णता होतेच आणि चिप नखाएवढी असते. ३११६ ला उष्णता काढायची पट्टी वरच्या बाजूला असते म्हणून तिच्यावर हीटसिंक चिकटवतात, तिचीच बहीण ३११८, तिची उष्णता खाली बोर्डाच्या तांब्यात जाते. स्वस्त बोर्डावर तो छोटा हीटसिंक कधीकधी नुसता डबल टेपने लावलेला असतो, वरून गार लागतो आणि आत चिप तापून स्वतःला बंद करून घेते, गाणं मधेच थांबतं, जरा वेळाने परत सुरू होतं. तर हीटसिंक गार याचा अर्थ ट्रान्झिस्टर गार असा होत नाही, कधीकधी उष्णता बाहेरच येत नाहीये असाही होतो. साध्या ॲम्पमध्येही कोणी ट्रान्झिस्टर बदलताना मायकाला (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधलं वीज अडवणारं पातळ पान) पेस्ट लावली नाही किंवा स्क्रू सैल ठेवला तर नेमकं हेच होतं. मी बोर्ड उघडला की आधी ट्रान्झिस्टरच्या अंगाला आणि लगेच बाजूच्या ॲल्युमिनियमला थर्मामीटरचं टोक लावतो, दोघांत खूप फरक दिसला की मायका काढायचाच.

हाताच्या अंदाजाबद्दल. ५० अंशापर्यंत तळहात ठेवून राहता येतं, ५५ ला काही सेकंदात उचलावासा वाटतो, ६० च्या पुढे हात आपोआप मागे येतो. माणसामाणसात फरक असतो, स्वयंपाकघरात रोज तवा उचलणाऱ्या हाताला ६० पण चालतात. तुम्हाला हात ठेवून राहवत नाही म्हणजे साधारण ५५-६० धरू. आता हे ट्रान्झिस्टरसाठी किती वाईट? समजा एका ट्रान्झिस्टरमध्ये १५ वॅट उष्णता होतेय, ५२०० नंबरसारखा (टू एस सी ५२००) मोठा ट्रान्झिस्टर असेल तर आतल्या सिलिकॉनपासून बाहेरच्या धातूपर्यंत वॅटला पाऊण अंशाच्या थोडं वर, मायकाचा अर्धा-पाऊण अंश वेगळा, म्हणजे आतली चिप हीटसिंकपेक्षा वीस-बावीस अंश वर. हीटसिंक ६० ला असेल तर आत ८०-८२. त्या ट्रान्झिस्टरची मर्यादा १५० अंश. म्हणजे हाताला जे भयंकर वाटतं ते सिलिकॉनला रोजचंच असतं. खरा त्रास होतो तो हीटसिंकच्या शेजारी उभ्या असलेल्या इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरना, दहा अंश वाढले की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, म्हणून जुना ॲम्प सर्व्हिसिंगला घेतला की मी ८५ अंशवाले काढून १०५ वाले टाकतो, पैशात फार फरक पडत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगतो. तुमच्या ॲम्पमध्ये टू एन ३०५५ सारखे धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर बाहेर हीटसिंकवर बसवलेले असतील आणि वरचं प्लास्टिकचं टोपण पडलं असेल तर त्या टोप्यांना हात लावू नका. ती टोपी म्हणजेच ट्रान्झिस्टरचा कलेक्टर नावाचा पाय, तिच्यावर पूर्ण रेलचे व्होल्ट असू शकतात. तापमान बघायचं ते फिनला हात लावून.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे खोली. हीटसिंकला खोलीच्या वर किती अंश जायचं एवढंच माहीत असतं. वॅटला एक अंशवाला हीटसिंक २५ वॅटला खोलीच्या २५ अंश वर जाणार, म्हणजे पुण्यात जानेवारीत ४५, आणि मे मध्ये नागपुरात खोलीच ४० ची असेल तर ६५. ॲम्पमध्ये काहीच बदललेलं नाही. आमच्याकडे दर एप्रिलमध्ये "आता जास्त गरम व्हायला लागलाय" म्हणणारी गिऱ्हाइकं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना मी सांगतो की जुलैत परत हात लावून बघा.

दुसरं, ठेवलाय कुठे. शोकेसच्या कप्प्यात, मागे भिंत, वर सेट टॉप बॉक्स, आणि त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. हीटसिंकच्या फिन उभ्या असतात त्या हवा खालून आत येऊन वरून जावी म्हणून, वरची वाट बंद केली की हीटसिंक कितीही मोठा असो उपयोग नाही. वर आणि मागे चार-पाच इंच मोकळे ठेवा.

तिसरं, लाइटचं व्होल्टेज, हे फारसं कोणी बघत नाही. तुमच्या ॲम्पचा सप्लाय रेग्युलेटेड नाही, ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि दोन मोठे कंडेन्सर एवढंच. गावाकडे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळ घर असेल तर रात्री लोड उतरला की २३० चे २५० च्या वर जातात, मग तुमचे ३५ व्होल्ट ३८ च्या पुढे, आणि सगळ्यात वाईट बिंदूची उष्णता व्होल्टच्या वर्गाने वाढते, म्हणजे सरळ वीस टक्के जास्त. ट्रान्सफॉर्मर पण जास्त व्होल्टवर गुणगुणतो आणि तापतो, मग हीटसिंक नाही तर अख्खा पत्रा गरम लागतो. चौथं, स्पीकर. ८ ऐवजी ४ ओहम लावले, किंवा एकाच बाजूला दोन जोड्या पॅरलल केल्या, की त्याच आवाजाच्या पोझिशनला करंट दुप्पट आणि उष्णताही दुप्पट, ३१ चे ६२. शिवाय खरा स्पीकर नुसता रेझिस्टन्स नसतो, बेसच्या काही फ्रिक्वेन्सीला करंट आणि व्होल्ट एकमेकांच्या मागेपुढे होतात आणि तेव्हा ट्रान्झिस्टरवर कागदापेक्षा बराच जास्त भार येतो. आणि गाणं कुठलं हेही आहेच, आलाप चाललाय तर बहुतेक वेळ ॲम्प आरामात, तेच डीजे रिमिक्स लावलं तर एकसारखा दाबलेला आवाज, श्वास घ्यायलाही जागा नाही.

यावरून एक जुनी गोष्ट आठवली. अमेरिकेत १९७४ मध्ये तिथल्या सरकारी ट्रेड कमिशनने नियम केला की जाहिरातीत वॅट सांगायचे असतील तर आधी ॲम्प एक तास एक तृतीयांश पॉवरवर चालवून तापवायचा आणि मग मोजायचं. वरचा ४० टक्क्यांचा आकडा आठवा, एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ तोच सगळ्यात वाईट बिंदू. त्यामुळे कंपन्यांना एकतर मोठे हीटसिंक द्यावे लागले नाहीतर वॅट कमी लिहावे लागले. पुढे २००० मध्ये ते एक अष्टमांशावर आणलं. म्हणून कोणाचा ॲम्प तेवढ्याच वॅटचा असून जास्त गार असेल तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं की बनवणाऱ्याने ॲल्युमिनियमवर जास्त पैसे घातलेत. आजही मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चांगला जाड हीटसिंक घ्यायला जा, ट्रान्झिस्टरपेक्षा तोच महाग पडतो.

आत्तापर्यंतचं एवढंच लक्षात ठेवा, की नुसता ऑन असताना कोमट आणि वाजवल्यावर गरम हे क्लास एबी ला शोभणारं आहे, टीपीए गार राहणं त्याच्या जातीला शोभणारं आहे, आणि वरची सगळी कारणं, खोली, व्होल्टेज, रुमाल, ही दोन्ही चॅनलला सारखीच लागू होतात. म्हणूनच एकच बाजू जास्त तापते तेव्हा माझे कान टवकारतात, कारण तुलना करायला ॲम्पची दुसरी बाजूच समोर उभी असते, तोच सप्लाय, तीच खोली, तेच डिझाइन.

आधी साधी गोष्ट बघून घ्या, डाव्या हीटसिंकच्या आत लगेच ट्रान्सफॉर्मर आहे का? असेल तर पाच-सात अंशांचा फरक तिथूनच येऊ शकतो. त्याहून जास्त फरक असेल, किंवा हा फरक अलीकडे सुरू झाला असेल, तर मोजावंच लागेल. स्पीकर काढून ठेवा, व्हॉल्यूम शून्य, ॲम्प ऑन करून वीस मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, कारण ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारा बेस-एमिटर व्होल्ट दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी होतो, ड्रायव्हर (आउटपुटला चालवणारे आधीचे ट्रान्झिस्टर) आणि आउटपुट मिळून चार जंक्शन, ४० अंश तापले तर ३०० मिलिव्होल्टच्या वर फरक, थंड असताना घेतलेलं रीडिंग फसवं असतं. बोर्डावर आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पायाशी पांढरे सिमेंटचे रेझिस्टन्स दिसतील, ०.२२ किंवा ०.३३ ओहम, ५ वॅट. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसीला लावून त्या रेझिस्टन्सच्या दोन टोकांमध्ये मोजायचं. पण हातात प्रोब धरून चालू ॲम्पमध्ये शिरू नका, एक प्रोब सरकून दोन पाय शॉर्ट झाले की आउटपुट त्याच क्षणी जातं. ॲम्प बंद करा, कंडेन्सर उतरू द्या, छोट्या क्रोकोडाइल क्लिप लावा, मग ऑन करून नुसतं बघा.

०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्ट दिसले म्हणजे ५० मिलिअँपिअर, ठीक. आता समजा उजवीकडे ११ आणि डावीकडे ६० दिसले, तर डावीकडे २७० मिलिअँपिअर चाललाय, गुणिले ७० व्होल्ट, म्हणजे काहीही न वाजवता १९ वॅट. असं दिसलं तर ॲम्प तसाच वापरत राहू नका, कारण यात दुष्टचक्र आहे, ट्रान्झिस्टर तापला की बेस-एमिटर व्होल्ट कमी, त्यामुळे करंट वाढतो, त्यामुळे अजून तापतो. हे चक्र रोखायला एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकलाच चिकटवलेला असतो, तो उष्णता बघून बायस खाली आणतो. जुन्या ॲम्पमध्ये मी पहिली नजर तिथेच टाकतो, तो हीटसिंकपासून सुटून हवेत लोंबकळत असेल तर कारण सापडलं. तो जागेवर असेल तर मग बायसचा प्रीसेट, म्हणजे बायस कमी-जास्त करायचा फिरवता येणारा छोटा रेझिस्टन्स. जुने कार्बनचे उघडे प्रीसेट धूळ आणि दमट हवा खाऊन खराब होतात, आणि बऱ्याच जुन्या सर्किटमध्ये प्रीसेटची मधली पट्टी सुटली की बायस कमी व्हायच्या ऐवजी पूर्ण वर जातो. स्प्रे मारून तात्पुरतं भागवू नका, नवीन चांगला टाका, दोन्ही बाजूंचा, आणि पहिल्यांदा ऑन करताना लाइटच्या वायरमध्ये सीरीज बल्ब लावून करा.

बायस प्रीसेटने खाली येतच नसेल, किंवा वायरला हात लावला की रीडिंग हलतं, तर संशय ऑसिलेशनचा. म्हणजे ॲम्प ऐकू न येणाऱ्या मोठ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच वाजत बसलाय. त्याची खूण म्हणजे आउटपुटच्या कॉइलजवळचा १० ओहमचा रेझिस्टन्स, ज्याच्या पुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, तो काळपट पडलेला किंवा हाताला गरम. आधी कोणी या बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर बदललेत का ते विचारून घ्या. जुन्या संथ टू एन ३०५५ च्या जागी कोणी वेगवान ५२०० बसवले तर आवाज येतो, गिऱ्हाईक खूश, आणि ॲम्प मात्र आतून ऑसिलेट होत तापत राहतो. बाजारात नकली ५२०० पण भरपूर, वरून छापलेलं तेच, आतली चिप निम्मी. ऑसिलेशनची खात्री मल्टिमीटरने होत नाही, त्याला ऑसिलोस्कोप असलेला माणूस शोधावा लागेल.

आणि स्पीकर परत लावायच्या आधी स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजाच, गाणं नसताना. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर सोडून द्या. पण एक व्होल्ट दिसला तर ८ ओहमच्या स्पीकरमधून सव्वाशे मिलिअँपिअर कायम चाललाय, एकाच ट्रान्झिस्टरवर चार-सव्वाचार वॅट फुकटची उष्णता आणि स्पीकरचा कोन एका बाजूला ढकललेला. ही उष्णता फक्त स्पीकर लावल्यावर दिसते, म्हणून तुम्हाला डावी बाजू स्पीकर काढल्यावरही तापते की नाही ते आजच बघून ठेवा, दोन्ही शक्यता लगेच वेगळ्या होतील.

पंख्याचं म्हणाल तर डावी बाजू मोजायच्या आधी अजिबात लावू नका. बायस चढलेल्या ॲम्पला पंखा लावला तर तो वर्षभर गुपचूप चालतो आणि एका दुपारी पंखा अडकला की सगळं एकदम जातं. डावी-उजवी सारखी झाल्यावरही उन्हाळ्यात जास्तच वाटलं तर १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा ७-८ व्होल्टवर हळू फिरवा, फिनच्या वर, हवा वर ओढेल असा. घरच्या ॲम्पला मला पंखा आवडत नाही, दोन वर्षांत फिनमध्ये धुळीचा थर बसवतो आणि हळू गाण्यात त्याची घरघर येते, पण शोकेसमधून बाहेर काढायची सोय नसेल तर तोच उपाय.

देऊन तर टाकूच नका. दोन्ही बाजूंचे मिलिव्होल्ट, सिमेंटच्या रेझिस्टन्सवर छापलेली किंमत, टर्मिनलवरचा डीसी आणि रात्री दहाला घरातलं लाइटचं व्होल्टेज एवढे आकडे इथेच लिहा, आणि आउटपुट ट्रान्झिस्टरवरचा नंबर वाचता आला तर तोही, मग प्रीसेट बदलून भागेल की बोर्ड बाहेर काढावा लागेल ते सांगतो.